पायाआधी पाण्याचा हिशेब

मुलांनो, तुमचा प्रकल्प अहवाल मी मुखपृष्ठापासून परिशिष्टापर्यंत वाचला. मुखपृष्ठावर हिरव्या अक्षरांत ‘पर्यावरणपूरक ब्रुअरी’ असं छापलंय. छपरावर सौर पॅनेल दाखवलेत, फाटकाशी झाडं काढलीत. पाण्याचा ताळेबंद मात्र एकाही पानावर नाही. ज्या मालात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतं, तो माल तुम्ही मराठवाड्यात, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत बनवायला निघालात आणि पाण्याबद्दल तुमच्याकडे एकच ओळ आहे : ‘एमआयडीसीचा पुरवठा, गरज पडल्यास बोअरवेल.’ ही ओळ लिहिताना तुमच्यापैकी एकाचाही हात अडखळला नाही, याचा मला राग आला आहे.

राग यासाठी की तुम्ही अडाणी नाही आहात. सांडपाणी प्रक्रियेचा विषय तुम्ही माझ्याच वर्गात शिकलात, चांगल्या गुणांनी पास झालात. बिअरचा कारखाना काढावा की नाही, हा तुमचा आणि कायद्याचा प्रश्न आहे; त्यात मी पडणार नाही. पण ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द तुम्ही वापरलात, त्या क्षणी तुम्ही माझ्या विषयात आलात. या शब्दाला आकड्यांचा आधार लागतो, आणि ते आकडे काँक्रीट ओतण्याआधी मांडावे लागतात.

२०१६चा उन्हाळा आठवा. तेव्हा तुम्ही शाळेत होतात, पण आठवत नाही असं मला सांगू नका. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा संपून मृत साठ्यातून उपसा चालू होता. त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य आणि बिअर कारखान्यांच्या पाण्यात निम्म्याहून अधिक कपात करायला सांगितलं. ही गोष्ट तुम्ही जागा घेतलीत त्याच जिल्ह्यात घडली आहे. बिअरचा सर्वांत मोठा खप एप्रिल ते जून आणि धरणं सर्वांत रिकामी तीही एप्रिल ते जून. तुमच्या अहवालात विक्रीचा आलेख मे महिन्यात शिखरावर जातो. त्याच आलेखाखाली धरणसाठ्याचा आलेख काढायचं कोणालाच कसं सुचलं नाही?

आणि बोअरवेलचं नाव इतक्या सहजपणे घेऊ नका. आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट आहे. त्यात पाणी असतं ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात, तेही मोजकंच. तुम्ही सहाशे-सातशे फूट खोल जाऊन जे ओढाल, ते बहुधा शेजारच्या गावाच्या विहिरीतलं असेल. ती ओळ खोडा. पहिली दुरुस्ती ही.

आता गणित करू. ते तुम्ही करायला हवं होतं. माझ्यापुढे बसून का होईना, करा. वर्षाला पाच लाख लिटर बिअर हे तुमचं उद्दिष्ट आहे. एक लिटर बिअरमागे ढिसाळ छोट्या कारखान्यात सात ते दहा लिटर पाणी जातं, बऱ्या कारखान्यात चार आणि जगातल्या उत्तम मोठ्या कारखान्यांत तीनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. सात धरले तर वर्षाला ३५ लाख लिटर. चार धरले तर २० लाख. मधले १५ लाख लिटर म्हणजे लातूरला आलेल्या त्या पहिल्या गाडीच्या तीन खेपा. हे पाणी बिअरमध्ये जात नाही. ते टाक्या धुण्यात, फरशी धुण्यात, गळक्या व्हॉल्व्हमधून आणि उघड्या राहिलेल्या नळीतून जातं.

बरं, आरओ यंत्र तुम्ही दाखवलंय. लहान आरओ संयंत्र आत घेतलेल्या पाण्यातला तिसरा हिस्सा, कधी निम्मासुद्धा, बाहेर टाकतं. हे टाकलेलं पाणी तुमच्या कोणत्या आकड्यात आहे? कुठल्याच नाही. सगळं पाणी आरओतून काढायचं कारणच काय? आधी पाण्याची तपासणी करा, क्षार आणि अल्कलिनिटी किती ते पाहा, आणि बिअर शिजवायला लागतं तेवढ्याच पाण्यावर ही प्रक्रिया करा. नाकारलेलं पाणी फरशीला आणि शौचालयाला जाईल अशी पाइपलाइन आताच नकाशात काढा. छपराचंही तेच. त्या भागात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तुमचं छप्पर हजार चौरस मीटरचं. वाया जाणारं वजा केलं तरी साडेपाच लाख लिटर हाती लागू शकतं, म्हणजे वीस लाखांच्या गरजेचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग. पण हे सगळं पाणी चार महिन्यांत येतं. ते साठवायला जमिनीखाली टाकी लागते, आणि जमीन खणायची वेळ पायाभरणीची. नंतर कुठे खणणार? फर्मेंटरखाली?

आता सांडपाणी. सांडपाणी प्रक्रिया संयंत्राबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘ईटीपी नियमानुसार बसवला जाईल.’ हे वाक्य परीक्षेत लिहिलं असतं तर मी शून्य गुण दिले असते. कुठला नियम? ब्रुअरीचं प्रक्रिया केलेलं पाणी नदीनाल्यात सोडायचं तर त्याचा बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत लागतो, जमिनीवर किंवा सिंचनाला द्यायचं तर १०० च्या आत. आणि तुमच्या गटारात येणाऱ्या पाण्याचा बीओडी असेल हजार ते साडेतीन हजारांच्या दरम्यान. बीओडी म्हणजे ती घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला किती प्राणवायू खातील त्याचं माप, हे तुम्हाला पुन्हा सांगायची वेळ यावी, याचं मला वाईट वाटतं.

सात लिटरच्या हिशेबाने तुमच्या गटारात रोज सुमारे नऊ हजार लिटर सांडपाणी येईल. बीओडी दोन हजार धरला तर रोजचे अठरा किलो. एका माणसाच्या सांडपाण्याचा भार दिवसाला ४५ ग्रॅम धरा. म्हणजे तुम्ही त्या भूखंडावर चारशे माणसांची वस्ती वसवता आहात. उन्हाळ्यात नदीच्या चांगल्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तुमचा एका दिवसाचा अठरा किलो भार तसाच सुटला, तर चोवीस लाख लिटर पाण्यातला प्राणवायू संपवण्याइतका तो आहे. खाम आणि सुखना या नद्यांची काय दशा झाली आहे ती तुम्ही पाहिली आहे. ती एका मोठ्या पाप्याने केलेली नाही. ‘आमचा कारखाना लहान आहे’ असं म्हणणाऱ्या पुष्कळांनी मिळून केली आहे.

आणि हा भार येतो कुठून, याचा विचार केलात? फर्मेंटरच्या तळाशी बसलेल्या दाट यीस्टचा बीओडी लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्या वर असतो. सव्वा लाखाच्या आसपासही जातो. शंभर लिटर यीस्ट कोणी गटारात सोडलं तर बारा किलो बीओडी एका झटक्यात गेला. तुमच्या दिवसभराच्या भाराच्या दोन तृतीयांश! एवढा भार ईटीपीतल्या जिवाणूंवर एकदम पडला की तो ईटीपी त्या दिवशी काही कामाचा राहत नाही. मग पर्यवेक्षक रात्री व्हॉल्व्ह उघडून ते पाणी तसंच बाहेर सोडतो. त्यात त्याचा दोष थोडा असतो. नकाशा काढणाऱ्याचा जास्त असतो.

म्हणून यीस्ट, उकळीनंतर खाली बसणारा गाळ, टाकीच्या पहिल्या धुण्याचं दाट पाणी हे सगळं वेगळ्या नळीने वेगळ्या टाकीत जायला हवं. ते पातळ पाण्यात मिसळता कामा नये. तुमच्या नकाशात एकच गटार आहे, भिंतीकडेला, आणि फरशीचा उतार दाखवलेलाच नाही. फरशीला शंभर फुटांत दीड-दोन फूट उतार नसेल तर पाणी साचतं. साचलं की माणूस नळी लावून ते ढकलत बसतो, आणि तुमचा चार लिटरचा आकडा तिथेच सात होतो. पर्यावरणाचं निम्मं काम गवंड्याच्या ओळंब्यावर ठरतं. तो उतार चुकला की पुढे कारखाना बंद करून फरशी फोडल्याशिवाय सुधारत नाही. कॉस्टिकने धुतलेलं पाणी पीएच बाराचं येतं, तासाभराने ॲसिडचं येतं. दोन्ही एकमेकांना भेटून शांत व्हायला समतोल टाकी लागते, ती तुमच्याकडे नाही. धुलाईचं शेवटचं स्वच्छ पाणी साठवून पुढच्या धुलाईला पहिलं वापरता येतं. त्यालाही टाकी लागते. तीही नाही. सरासरीवर ईटीपी मोजलात, पण गटारात कधीच सरासरी पाणी येत नसतं. धुलाईच्या दिवशी किती येईल, ते काढा.

उष्णतेकडे वळते. वर्ट, म्हणजे माल्टचा उकळलेला अर्क, थंड करायला तुम्ही एका टप्प्याचा हीट एक्स्चेंजर घेतलाय, युरोपातल्या यंत्राच्या माहितीपत्रकावरून जसाच्या तसा. तिथे नळाचं पाणी दहा-बारा अंशांचं येतं. तुमच्या टाकीत मे महिन्यात ते तीस अंशांचं असेल. तीस अंशांच्या पाण्याने वर्ट वीस अंशांवर कसा आणणार? नाही येणार. कामगार नळ सोडून ठेवील आणि कोमट पाणी गटारात वाहत राहील. इथे दोन टप्पे लागतात. पहिल्यात पाण्याने ९५ अंशांवरून पस्तीसपर्यंत, दुसऱ्यात ग्लायकॉलने वीसपर्यंत. पहिल्या टप्प्यात हजार लिटर वर्टमागे अकराशे-बाराशे लिटर पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापून मिळतं. पुढच्या बॅचला जवळपास तेवढंच गरम पाणी लागतं. म्हणजे एका बॅचची उष्णता दुसरीला फुकट. पण हे पाणी ठेवायला इन्सुलेशन केलेली टाकी तुमच्या नकाशात नाही! तापवलेलं पाणी तुम्ही फेकणार आणि दुसऱ्या दिवशी बॉयलर पेटवून पुन्हा तापवणार. याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

उकळीचंही पाहा. हजार लिटरमधले आठ टक्के, म्हणजे ऐंशी लिटर, वाफ होऊन जातात. त्या वाफेला पन्नास युनिटांएवढी उष्णता लागते. चांगली केटल, म्हणजे उकळण्याचं भांडं, चार-पाच टक्क्यांत काम करते, आणि निघालेली वाफ थंड करून तिचीही उष्णता परत घेता येते. मात्र उकळ कमी करायची तर माल्टही तसा निवडावा लागतो. नाहीतर बिअरला शिजलेल्या मक्यासारखा वास राहतो. म्हणजे कृती, माल्ट आणि केटल हे तीन निर्णय एकत्र बसून घ्यायचे असतात. तुम्ही ते तीन वेगवेगळ्या माणसांना वाटून टाकलेत.

चिलरमध्ये कुठला वायू भरणार, हे अहवालात लिहिलेलं नाही. विक्रेता देईल तो, असंच ना? आर-४०४ए दिला तर त्याच्या एक किलो गळतीचा परिणाम जवळपास चार टन कार्बन डायऑक्साइडएवढा होतो. प्रोपेन वापरला तर हा परिणाम नगण्य, पण तो ज्वालाग्राही आहे, त्याला मोकळी हवा आणि योग्य अंतर लागतं. ते अंतर आज नकाशात सोडलं नाहीत, तर उद्या तो पर्याय तुमच्यासाठी संपला. आणि शीतगृहाचं दार तुम्ही पश्चिमेला काढलंय, मे महिन्याच्या उन्हात. ते फिरवा.

फर्मेंटेशनमध्ये हजार लिटर बिअरमागे चाळीसेक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतो आणि माणूस मारतो. त्या खोलीत तुम्ही ना जमिनीलगत हवा खेळायची सोय केली आहे, ना वायू मोजणारं यंत्र दाखवलंय. पर्यावरण कारखान्याच्या आतही असतं, आणि तिथे तुमचा कामगार श्वास घेतो.

माल्टच्या चोथ्याबद्दल लिहिलंय, ‘शेतकऱ्यांना देऊ.’ कोणत्या शेतकऱ्यांना? त्यांच्यापैकी किती जणांशी बोललात? वर्षाला शंभर टन ओला चोथा निघेल, रोजचा तीनशे-सव्वातीनशे किलो. त्यात पाऊण भागाहून जास्त पाणी असतं. चाळीस अंशांच्या उन्हात तो दिवसा-दोन दिवसांत आंबतो, बुरशी धरतो, आणि बुरशीचा चोथा जनावराला घालणं हा गुन्हा समजा. दुभत्या जनावराला दिवसाला आठ-दहा किलो धरले तर तुम्हाला तीस-चाळीस जनावरं लागतील, रोज, सुट्टीच्या दिवशीही. जवळचे गोठे शोधा, पशुवैद्याला विचारा, रोज सकाळी गाडी कोण नेणार ते ठरवा आणि करार करा. यीस्ट द्यायचं असेल तर ते आधी गरम करून निष्क्रिय करा. चाऱ्याच्या टंचाईत हा प्रथिनांनी भरलेला चोथा इथल्या शेतकऱ्याला सोन्यासारखा आहे. पण तो त्याच्या दाराशी ताजा पोहोचला तरच.

अहवालात तुम्ही अलास्काच्या ब्रुअरीचा फोटो लावलाय, चोथा जाळून वाफ करणाऱ्या बॉयलरचा. तो का बांधला, हे वाचलंत का? जूनो शहराला बाहेरून रस्ता नाही, आसपास चोथा खाणारी पुरेशी जनावरं नाहीत. त्यांना चोथा वाळवून जहाजाने दूर पाठवावा लागत असे. म्हणून त्यांनी तो जाळायला घेतला. तुमच्या शेजारी गोठे आहेत, चाऱ्याची टंचाई आहे, आणि तुम्ही चारा जाळण्याच्या यंत्राचं चित्र लावता? ऑस्ट्रियात लेओबेनमधल्या ग्योस ब्रुअरीने शेजारच्या लाकूड कारखान्याची वाया जाणारी उष्णता घेतली, कारण तो कारखाना शेजारीच होता. शिकायचं असेल तर हे शिका की त्या माणसांनी आधी आपला शेजार पाहिला. तुमच्या भूखंडाच्या चहूबाजूंनी कोणते कारखाने आहेत, कोणाकडे वाया जाणारी वाफ आहे, याची चौकशी तुम्ही केलेली नाही. उद्याच करा.

खास नक्षीची बाटली बनवून घेणार, असं लिहिलंय. ती दुसऱ्या कोणाच्याही उपयोगाची नाही आणि भंगारवाल्याकडून परतही येणार नाही. आपल्याकडे जुन्या बाटल्या गोळा करून पुन्हा भरण्याची चांगली व्यवस्था आहे. सर्वसाधारण आकाराची बाटली घ्या, ती धुण्याचं पाणी ताळेबंदात धरा, आणि शहरातल्या विक्रीसाठी केग वापरा.

आता त्या सौर पॅनेलबद्दल. मराठवाड्यात ऊन भरपूर आहे, पॅनेल जरूर लावा. पण तुम्ही जी गोष्ट मुखपृष्ठावर घेतलीत, तीच या सगळ्यांत अशी आहे जी पाच वर्षांनीही लावता येते. छपराला भार पेलण्याची ताकद आणि वायरी न्यायला नळी, एवढं आज केलं की झालं. फरशीचा उतार, दोन गटारं, जमिनीखालची टाकी, गरम पाण्याची टाकी, प्रत्येक विभागाला पाण्याचा वेगळा मीटर हे मात्र आज नाही तर कधीच नाही. नंतर करता येईल ते तुम्ही आधी घेतलंत. आधीच करायला हवं ते ‘पुढे बघू’ म्हणून सोडलंत. कारण उघड आहे. पॅनेल पाहुण्यांना दिसतात, गटार दिसत नाही. दिसेल तेवढंच करायचं असेल तर तुम्ही अभियंते होऊ नका, जाहिराती करा.

पैसे नाहीत, असं तुम्ही म्हणाल. मी तुमचा खर्चाचा तक्ता पाहिला आहे. चाखण्याच्या दालनाच्या सजावटीवर जेवढे पैसे धरलेत, तेवढ्यात दुसरं गटार आणि दोन टाक्या होतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनेची संमती बांधकामाआधी घ्यावी लागते, ती यासाठीच की हे प्रश्न तुम्हाला कागदावर असतानाच पडावेत. त्या अर्जाकडे उपचार म्हणून पाहू नका. तुमची पहिली चाचणी परीक्षा समजून भरा.

आता माझा शेवटचा प्रश्न, आणि याचं उत्तर लिहून आणल्याशिवाय माझ्याकडे येऊ नका. मे महिन्यात जायकवाडी कोरडं पडलं आणि तुमचं पाणी निम्म्यावर आलं, तर तुम्ही किती बिअर बनवाल? साठा किती खाली गेला की तुमची केटल थांबेल? त्या काळात कामगारांचा पगार कुठून द्याल? हे पान तुमच्या अहवालात नाही. ते पान नसेल तर दुष्काळात तुम्ही टँकर शोधत फिराल, आणि तो टँकर कोणाच्या तरी तोंडचं पाणी घेऊन येईल. कारखाना केव्हा थांबवायचा, हे ज्याने सुरू करण्याआधी ठरवलं नाही, त्याला मी पर्यावरणाचा विद्यार्थी मानत नाही.

तुम्ही हे करू शकता, म्हणून एवढं बोलले. ज्यांच्याकडून अपेक्षा नसते त्यांचे अहवाल मी न वाचता परत करते. हा घेऊन जा. पाण्याचा ताळेबंद, दोन गटारांचा नकाशा, गोठ्यांचे करार आणि थांबण्याचा आकडा, या चार गोष्टी घेऊन परत या. त्या बरोबर निघाल्या, तर संमतीच्या अर्जाची एकेक ओळ मी तुमच्याबरोबर बसून तपासून देईन. त्याआधी त्या भूखंडावर कुदळ मारायची नाही.